लेथपाशी उभं असताना सूत्र नको, उत्तर हवं: घरच्या वर्कशॉपमधली सूत्रं कशी ठेवावीत

प्रश्न थोडक्यात असा: घराच्या गॅरेजमध्ये छोटा लेथ, बेंच ड्रिल आणि ग्राइंडर आहे. मशीनच्या फेऱ्यांची, टॅपच्या (भोकात आटे पाडायच्या हत्याराच्या) ड्रिलची, टेपरची (निमुळत्या भागाची), पुलीची सूत्रं गेली काही वर्षं जमत गेली आहेत. काही वहीत, काही मोबाइलमधल्या फोटोंत, काही व्हिडिओ बघताना पाठकोऱ्या कागदावर उतरवलेली. हवं तेव्हा हवं ते सापडत नाही, आणि सापडलंच तर ते मिलिमीटरचं की इंचाचं हे कळत नाही. हे सगळं एकदा नीट लावायचं तर कसं लावावं?

नोकरीची बरीच वर्षं टूलरूममध्ये गेली आणि आता घरीही छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. उत्तर जरा सविस्तर देतो.

कुठे ठेवायचं हे नंतर बघू. आधी सूत्राबरोबर काय काय ठेवायचं ते ठरवावं लागतं. नुसतं सूत्र ही वर्कशॉपमध्ये अर्धवट माहिती असते. त्याच्या शेजारी एकक हवं, ते कुठे लागू पडतं आणि कुठे नाही ही अट हवी, आणि एक सोडवलेलं उदाहरण हवं. यातलं उदाहरण सगळ्यात महत्त्वाचं. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर कुठल्या अक्षराचा अर्थ काय, हे आठवत बसण्यापेक्षा उदाहरणातले आकडे आपल्या आकड्यांनी बदलणं सोपं जातं. शिवाय सूत्र उतरवताना काही चुकलं असेल तर ते उदाहरणातच उघडं पडतं.

सगळ्यांच्या तोंडी असलेलं एक सूत्र घ्या: सळईचं वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२. सेंटरिंगच्या ठेकेदारापासून लोखंडाच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळे ते वापरतात. १६ मिमी सळई असेल तर २५६ भागिले १६२, म्हणजे मीटरला १.५८ किलो. बरोबर आहे. पण हे १६२ आलं कुठून? गोल छेदाचं क्षेत्रफळ आणि पोलादाची घनता, घनमीटरला ७८५० किलो, यांचा गुणाकार मिलिमीटर आणि मीटरमध्ये मांडला की १६२.२ हा भाजक मिळतो. म्हणजे त्या एका आकड्यात चार अटी दडलेल्या आहेत: गोल बार, पोलाद, व्यास मिलिमीटरमध्ये, वजन दर मीटरला. ज्याच्या वहीत फक्त "व्यास वर्ग भागिले १६२" आहे तो एक दिवस अ‍ॅल्युमिनियमच्या बारचं वजन त्यानेच काढतो आणि दुकानात जवळजवळ तिप्पट वजनाचे पैसे धरून जातो. कोणी दर फुटाचं वजन काढायला ५३३ ने भागतो, आणि ते दोन्ही आकडे एकाच वहीत विनाएकक पडलेले असतात.

माझ्या वहीतलं याचं पान असं आहे. वर मथळा "बारचं वजन". खाली सूत्र. त्याखाली "व्यास मिमी, उत्तर किलो प्रति मीटर, फक्त गोल पोलादी बार". मग उदाहरण: १६ मिमी, १.५८ किलो. मग "पितळ असेल तर उत्तर गुणिले १.०८, अ‍ॅल्युमिनियम असेल तर गुणिले ०.३४४, चौकोनी पोलादी बार असेल तर बाजूचा वर्ग भागिले १२७.४". शेवटी १६२ कसं आलं त्याच्या दोन ओळी. पान अर्ध्याहून जास्त कोरंच राहतं आणि ते तसंच राहू द्यायचं. पुढे काहीतरी सुचतंच.

आता मुख्य मुद्दा. वहीत बसून विचार करताना सूत्र लागतं. मशीन चालू करताना उत्तर लागतं. या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि बहुतेकांचा घोळ त्या एकाच वहीत भागवायला गेल्यामुळे होतो. हात तेलकट आहेत, चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, बांधलेला आहे, अशा वेळी कोणी भागाकार करत नाही. अंदाजाने बेल्ट टाकतो आणि टूल जळतं. म्हणून रोज लागणाऱ्या सूत्राचं आधीच तक्त्यात रूपांतर करायचं, आणि तेही आपल्या मशीनसाठी.

फेऱ्यांचंच बघू. मेट्रिक सूत्र:

फेरे = ३१८ × कटिंग स्पीड ÷ व्यास

फेरे मिनिटाला, कटिंग स्पीड (धातू टूलसमोरून सरकण्याचा वेग) मिनिटाला मीटरमध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये. ३१८ म्हणजे १००० भागिले ३.१४१६. सोडवलेलं उदाहरण मुद्दाम लक्षात राहील असं घ्या: २५ मिमीचा एमएस (साध्या पोलादाचा) बार, एचएसएस (हायस्पीड स्टीलचं) टूल, स्पीड २५ मीटर. उत्तर ३१८. घरच्या लेथवर एचएसएस टूलने मी एमएसला २५, बिडाला २०, स्टेनलेसला १५, पितळेला ५० आणि अ‍ॅल्युमिनियमला ६० मीटर धरतो. मोठ्या ताकदवान मशीनवर आणि भरपूर कूलंटखाली याच्या पुढे जाता येतं, पण छोट्या लेथची मजबुती बघता हे आकडे टूलला सांभाळून घेतात.

पण लेथपाशी हे सूत्र लावायचं नाही. लेथवर वेग मोजकेच असतात. समजा बेल्टच्या जागा बदलून १००, १८०, ३००, ५००, ८०० आणि १२५० असे सहा वेग मिळतात. मग २५ मिमीला ३१८ किंवा १६ मिमीला ४९७ हे उत्तर तिथे निरुपयोगी आहे. कुठल्या जागेवर बेल्ट टाकायचा एवढंच हवं. एमएससाठी हिशेब एकदाच करून कार्डावर लिहायचं: ६ मिमीला १२५०, १० ला ८००, १६ ला ५००, २५ ला ३००, ४० ला १८०, ७५ ला १००. शेजारी पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमचे रकाने. मधला व्यास आला तर खालचा वेग घ्यायचा, हीही ओळ कार्डावरच. त्याखाली ठळक अक्षरांत: पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं) आणि रीमरला (भोक नेमक्या मापाचं करायच्या हत्याराला) निम्मा वेग, आटे पाडताना सगळ्यात खालचा, आणि चकवर जी कमाल फेऱ्यांची मर्यादा कोरलेली असते ती. सूत्राला चक माहीत नसतो. बारीक व्यास घातला की ते बिनदिक्कत तीन हजार फेरे सांगतं, म्हणून मर्यादेचा आकडा कार्डावर असलाच पाहिजे.

याच सूत्राचा एक इंची भाऊ आहे आणि तो व्हिडिओंमधून आपल्याकडे येतो: फेरे = ४ × स्पीड ÷ व्यास. तिथे स्पीड मिनिटाला फुटांत आणि व्यास इंचात असतो. एमएसला १०० फूट धरून एक इंच बारला ४०० फेरे येतात; १०० फूट म्हणजे सुमारे ३० मीटर, म्हणून ते आपल्या ३१८ पेक्षा थोडे जास्त. पण त्यात व्यास म्हणून २५ घातले तर उत्तर १६ येतं. असं टोकाचं उत्तर आलं तर निदान शंका तरी येते. अर्धं मेट्रिक, अर्धं इंची मिसळून येणारं साधारण पटण्यासारखं उत्तर जास्त घातक. म्हणून माझा नियम सरळ आहे: वर्कशॉपचं एकच एकक ठरवायचं आणि बाहेरून आलेलं प्रत्येक सूत्र वहीत शिरण्याआधीच त्यात बदलून घ्यायचं. इंची सूत्र तसंच उतरवून "नंतर बदलू" म्हणायचं नाही.

इंच मात्र आपल्याकडे पूर्णपणे टळत नाही. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर गेलात की तीन सुती बोल्ट, अडीच सुती सळई हीच भाषा ऐकू येते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. अडीच सूत ७.९४ मिमी, तीन सूत ९.५३ मिमी, चार सूत अर्धा इंच. हा तक्ता वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ठेवा. खरेदीला जाताना त्याचाच फोटो मोबाइलमध्ये असावा.

दुसरं कार्ड टॅपच्या ड्रिलचं. ते बेंच ड्रिलच्या खांबापाशी हवं, लेथपाशी नको. सूत्र अगदी सोपं: ड्रिल = बाहेरचा व्यास वजा पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर). एम३ म्हणजे बाहेरचा व्यास ३ मिमी. एम३ ला २.५, एम४ ला ३.३, एम५ ला ४.२, एम६ ला ५, एम८ ला ६.८, एम१० ला ८.५, एम१२ ला १०.२. या हिशेबाने आट्यांची खोली सुमारे ७७ टक्के मिळते. स्टेनलेसमध्ये किंवा खोल भोकात टॅप मोडायची भीती असेल तर ड्रिल एक पायरी मोठं घ्या. आटे थोडे उथळ झाल्याने घरच्या कामात पकड फारशी कमी होत नाही, पण मोडलेला टॅप काढताना जॉबच जातो. हीही ओळ कार्डावर असू द्या.

या कार्डावर बारीक पिचचे रकाने वेगळे ठेवा. एम८ म्हटलं की आपण १.२५ पिच गृहीत धरतो, पण एम८ बाय १ ला ड्रिल ७ चं लागतं. दुचाकीची कामं करणाऱ्याला स्पार्क प्लगचे आटे लागतातच: १४ बाय १.२५ ला १२.८, आणि छोट्या प्लगच्या १० बाय १ ला ९.

इंची आट्यांना हेच सूत्र लागतं, फक्त पिच म्हणजे २५.४ भागिले इंचातले आटे. पाव इंच बीएसडब्ल्यू (ब्रिटिश व्हिटवर्थ आटे), वीस आटे: ६.३५ वजा १.२७, म्हणजे ५.१ चं ड्रिल. तीन सुताला सोळा आटे, ड्रिल ८ चं. अर्ध्या इंचाला बारा आटे, ड्रिल १०.५ चं. इथे एक अट ठळक लिहून ठेवण्यासारखी आहे. बीएसडब्ल्यूचा कोन ५५ अंश, अमेरिकन यूएनसीचा ६०. पाव इंचात दोन्हींचे आटे वीसच असल्याने नट-बोल्ट एकमेकांत जातात. अर्ध्या इंचात मात्र एकाचे बारा आणि दुसऱ्याचे तेरा. दोन आट्यांनंतर अडकलेला नट पान्याने रेटला तर बोल्ट वाया जातो.

आणि नळाच्या आट्यांना हे सूत्र आंधळेपणाने लावायचंच नाही. अर्धा इंची बीएसपीचा (नळाच्या ब्रिटिश आट्यांचा) बाहेरचा व्यास १२.७ मिमी नसतो, तो २०.९५५ असतो, तो "अर्धा इंच" जुन्या काळच्या पाइपच्या आतल्या मापावरून आलेला आहे. आटे चौदा. ड्रिल १९ चं. सूत्रात १२.७ घातलं तर १०.९ येतं, जे कुठल्याच कामाचं नाही. म्हणून कार्डावर बीएसपीचा चौकट केलेला वेगळा कोपरा: पाव इंचाचा व्यास १३.१५७, अर्ध्याचा २०.९५५, पाऊणचा २६.४४१, एक इंचाचा ३३.२४९. अट लिहायची म्हणतो ती अशी: हे सूत्र कुठे लागू नाही, ते सूत्राच्या शेजारीच.

काही सूत्रांत तुमच्या मशीनचा स्वतःचा आकडा असतो, आणि तो आकडा दुसऱ्याच्या वहीतून उतरवला की काम गेलंच. डिव्हायडिंग हेडचं (जॉब नेमक्या समान भागांत फिरवायच्या साधनाचं) सूत्र ४० भागिले भाग असं सगळीकडे छापलेलं असतं, कारण बहुतेक हेडचं प्रमाण ४० ला १ असतं. सात भाग करायचे तर ५ पूर्णांक ५ सप्तमांश, म्हणजे २१ भोकांच्या वर्तुळावर ५ पूर्ण फेरे आणि वर १५ भोकं. पण घरी बरेचदा छोटा रोटरी टेबल असतो आणि त्याचं प्रमाण ९०, ७२ किंवा ३६ असू शकतं. ९० चा असेल तर त्याच सात भागांसाठी १२ फेरे आणि १८ भोकं. शिवाय ही १५ किंवा १८ म्हणजे भोकांमधली अंतरं आहेत. ज्या भोकात पिन आहे ते शून्य धरायचं, म्हणून सेक्टरच्या (भोकं मोजायच्या पट्ट्यांच्या) दोन हातांमध्ये भोकं १६ किंवा १९ दिसली पाहिजेत. हे वाक्य मी डिव्हायडिंगच्या पानावर लाल शाईने लिहिलेलं आहे.

चेंज गियरचंही तसंच. इंची लीडस्क्रूवर (आटे पाडताना टूल सरकवणाऱ्या लेथच्या लांब स्क्रूवर) मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दात्यांचं गियर येतं, कारण इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी आणि त्याच्या पाचपट १२७. सूत्र: चालक भागिले चालित = ५ × पिच × लीडस्क्रूचे इंचातले आटे ÷ १२७. आठ आट्यांच्या लीडस्क्रूवर १.५ पिच पाडायची तर ६० भागिले १२७. बटाल्याच्या किंवा राजकोटच्या जुन्या लेथवर चार आट्यांचा लीडस्क्रू असेल तर हेच ३० भागिले १२७ होईल. त्यामुळे वहीचं पहिलं प्रकरण सूत्रांचं नसावं, ते मशीनच्या ओळखीचं असावं. लीडस्क्रूची पिच, प्रत्येक हँडव्हीलच्या एका खुणेची किंमत आणि ती व्यासावर मोजते की त्रिज्येवर, मोटरचे फेरे, प्रत्येक पुलीचा व्यास, बेल्टचा नंबर, रोटरी टेबलचं प्रमाण, टेलस्टॉकचा (लेथच्या मागच्या आधाराचा) मोर्स टेपर (हत्यार बसवायचा ठरावीक मापाचा निमुळता खोबणा) कुठला. बेल्टच्या नंबरात ए-३६ असं असेल तर ते ३६ म्हणजे आतली लांबी इंचात, हेही तिथेच टिपा. हे पान भरायला एक दुपार जाते. बाकीची निम्मी सूत्रं त्या पानावर उभी असतात.

टेपरला थोडक्यात उरकतो. कंपाउंड स्लाइड (टूल तिरकं सरकवणारा लेथचा वरचा भाग) फिरवायचा कोन अर्धा कोन असतो: अर्ध्या कोनाचा टॅन = मोठा व्यास वजा लहान व्यास, भागिले लांबीची दुप्पट. पुस्तकात पूर्ण कोन दिलेला असतो आणि वहीत "कोन" एवढंच उतरतं. वहीत "अर्धा कोन, स्लाइडवर हाच लावायचा" असं लिहा. मोर्स टेपर क्रमांक २ ला तो १ अंश २५ मिनिटं ५० सेकंद, क्रमांक ३ ला १ अंश २६ मिनिटं १६ सेकंद. स्लाइडच्या खुणांवर एवढा बारीक कोन लावताच येत नाही, तयार टेपरवर डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं घड्याळी माप) फिरवूनच जुळवायचा. म्हणजे इथे सूत्रापेक्षा रीत महत्त्वाची, तेव्हा पानावर रीतच लिहावी.

वहीबद्दल. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, चौकटीच्या पानांची वही घ्या. स्पायरलची पानं फाटतात. पानांना आधी क्रमांक टाका आणि पहिली चार पानं अनुक्रमणिकेसाठी सोडा. विषय लावताना गणिताच्या पुस्तकासारखं भूमिती, त्रिकोणमिती असं लावू नका. आपण ज्या कामापाशी उभे असतो त्या नावाने लावा: भोक पाडणं, आटे पाडणं, टेपर, पुली आणि बेल्ट, भाग करणं, मापणं, माल खरेदी. चार भोकांची फ्लँज करताना कोणी "ज्या आणि कोज्या" (साइन, कोसाइन) शोधत नाही, "पीसीडी" (भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) शोधतो. तिथे सूत्र असं: लगतच्या दोन भोकांतलं अंतर = पीसीडी × साइन (१८० ÷ भोकं). ५० मिमी पीसीडीवर पाच भोकं असतील तर २९.३९ मिमी. सहा भोकांना हे अंतर त्रिज्येएवढंच येतं, हा ताळा लगेच घेता येतो.

एक सवय मात्र आवर्जून लावा. नवीन सूत्र वहीत आधी पेन्सिलने उतरवायचं, शेजारी ते कुठून घेतलं ते आणि तारीख. ते लावून प्रत्यक्ष जॉब केला, व्हर्नियरने किंवा मायक्रोमीटरने मापून बघितला आणि उत्तर जुळलं की मगच शाईने पक्कं करायचं. वही उघडली की एका नजरेत कळतं, कशावर विसंबता येईल आणि काय अजून तपासायचं आहे. पक्क्या सूत्रात पुढे बदल करावा लागला तर खोडून गिरवू नका. एक सरळ रेघ मारा, खाली नवीन लिहा, तारीख घाला. जुना आकडा वाचता आला पाहिजे, कारण त्याच आकड्यावर बनवलेला एखादा भाग अजून कुठेतरी चालू असतो.

मापून ताळा घेताना तापमानाचं भान ठेवा. मापांचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पितळ १९, पोलाद साडेअकरा-बारा. ५० मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब लेथवरून उतरताना मायक्रोमीटरपेक्षा ३० अंशांनी गरम असेल तर तो साडेतीन शतांश मिमी मोठा दाखवतो. बेअरिंगच्या बसणीला एवढा फरक पुरतो. अशा वेळी सूत्र चुकलं म्हणून वहीत फेरफार करण्याआधी जॉब थंड होऊ द्या.

संगणकावर एक स्प्रेडशीट जरूर ठेवा, पण तिचं काम वेगळं: तक्ते बनवणं आणि छापणं. पुन्हापुन्हा करावा लागणारा हिशेब तिथे घाला. तिथे दोन खड्डे आहेत. पहिला, साइनचं फंक्शन कोन अंशांत घेत नाही, रेडियनमध्ये घेतं. साइन ३० सरळ टाकलं तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येतं. ऋण उत्तर आलं की निदान डोळ्यांत खुपतं. काही कोनांना उत्तर बरोबर वाटेल इतकं जवळ येतं. म्हणून कोन आधी रेडियनमध्ये बदलून घ्या, आणि शीटच्या अगदी वरच्या ओळीत एक कायमची परीक्षा ठेवा: १०० मिमी साइन बार (एक टोक उचलून कोन लावायची पट्टी), ३० अंश, उंची ५०. शीट उघडल्यावर ती ओळ ५० दाखवत असेल तरच खालच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा. दुसरा खड्डा अपूर्णांकांचा. चौकटीत ३/८ टाकलं की शीटला ती ३ ऑगस्ट वाटते, आणि पुढच्या हिशेबात त्या तारखेचा पाच आकडी क्रमांक शिरतो. इंच नेहमी दशांशात टाका, ०.३७५ असं.

शीटमध्ये जे आकडे आपण भरायचे त्या चौकटी पिवळ्या करा, बाकीच्या लॉक करा. प्रत्येक रकान्याच्या मथळ्यात एकक लिहा. फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर असली की झालं. हिशेबाच्या एखाद्या अ‍ॅपमध्ये सगळं भरून ठेवू नका; अ‍ॅप बंद पडलं की त्यातलं बाहेर काढता येत नाही. मोबाइलमधल्या फोटोंबद्दलही हेच: फोटो ही उतरवून घेण्याआधीची तात्पुरती सोय. वहीत उतरलं की फोटो पुसून टाका, नाहीतर एकाच गोष्टीच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या फिरत राहतात.

कार्ड टिकवण्याबद्दल थोडं. इंकजेटची छपाई कूलंटच्या थेंबाने पसरते. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स पाण्याला दाद देत नाही, पण थिनर आणि अ‍ॅसिटोनने तीही निघते. म्हणून लेझरवर छापा, ए५ आकारात, अक्षर एवढं मोठं की हातभर अंतरावरून चष्म्याशिवाय वाचता येईल. लॅमिनेशन करताना कागदाच्या चारही बाजूंना अर्धा सेंटिमीटर प्लास्टिक मोकळं सोडायला सांगा. कागदाच्या कडेला लागून कापलं तर तेल तिथून आत झिरपतं आणि एका पावसाळ्यात कार्डाचा भिजका पापुद्रा होतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर वही वर्कशॉपमध्ये ठेवूच नका. बुरशी येते, कसर लागते. ती घरात कोरड्या कपाटात राहू द्या, वर्कशॉपमध्ये फक्त कार्डं. लेथजवळ कार्ड चुंबकाने चिकटवायचा मोह होतो, पण चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो आणि कार्ड काढताना तो बोटांत रुततो. भिंतीला ठोकलेला खिळा आणि कार्डाला पाडलेलं भोक पुरेसं आहे, फक्त ते फिरत्या चकच्या पलीकडे हात न्यावा लागणार नाही अशा बाजूला हवं. कार्डाच्या कोपऱ्यात तारीख छापा; नवीन कार्ड आलं की जुनं त्याच दिवशी फाडायचं.

वर्कशॉपमधली मिश्रणं हीही सूत्रंच आहेत, आणि त्यांचं कार्ड बाटलीवरच असावं. कूलंटचं तेल वीस भाग पाण्याला एक, असं लिहिताना आधी पाणी, मग त्यात तेल, हा क्रमही लिहा. उलट केलं तर मिश्रण नीट दुधाळ होत नाही. प्रमाण वजनाचं की मापाचं हे कधीही सोडू नका. नेहमीच्या अरल्डाइट एडब्ल्यू १०६ आणि एचव्ही ९५३ मध्ये मापाने १०० ला १०० घ्यायचं असतं, वजनाने १०० ला ८०. वजनकाट्यावर सारखं सारखं घेतलं तर हार्डनर जास्त होतो आणि जोड हवा तसा होत नाही.

आता कामाचा क्रम. सगळी सूत्रं एकदम लावायला बसलात तर दोन रविवारांत कंटाळा येईल. पहिल्यांदा मशीनच्या ओळखीचं पान भरा. मग फेऱ्यांचं आणि टॅप ड्रिलचं, अशी दोन कार्डं बनवून टांगा. घरच्या वर्कशॉपमधली रोजची गरज बहुतांश याच दोन कार्डांवर भागते. बाकीचं जसं काम येईल तसं वहीत शिरू द्या, एका वेळी एक पान, आपल्याच जॉबच्या उदाहरणासह. जुन्या कागदांचा गठ्ठा एका पाकिटात घालून ठेवा आणि लागेल तेव्हाच त्यातून काढा.

खंडेनवमीला आपण मशीन धुऊनपुसून बंद ठेवतोच. त्या दिवशी कार्डंही उतरवून पुसा, पेन्सिलीतली पानं वाचून काढा, मशीनमध्ये वर्षभरात काही बदललं असेल, पुली, बेल्ट, चक, तर ओळखीच्या पानावर ते नोंदवा आणि त्यावर अवलंबून असलेलं कार्ड नवीन छापा. पाकिटातला जो कागद वर्षभरात एकदाही बाहेर काढावा लागला नाही, तो फाडून टाकायला हरकत नाही.